शुक्रवारचे लाल ठिपके

मानपाड्याला एमआयडीसीत आमचा कारखाना होता. ट्रकच्या स्टिअरिंगला लागणारे लोखंडी आर्म तिथे तयार व्हायचे. हातभर लांब, कोपरात वाकलेला, दोन्ही टोकांना भोक असलेला जड तुकडा. ड्रायव्हरने वर चाक फिरवलं की खालची पुढची चाकं वळतात ती या आर्मच्या जोरावर. तो तुटला तर वर कितीही फिरवा, खाली काही होत नाही. कामाला लागले त्या दिवशी सरांनी मला एवढंच सांगितलं आणि म्हणाले, बाकीचं ताई शिकवतील.

ताई माझ्याआधी नऊ वर्षं त्या खोलीत होती. मानपाड्याजवळच्याच गावातली, आगरी. तिच्या सासऱ्याच्या भातशेतीवर आता रंगाचा कारखाना उभा आहे. ही गोष्ट ती डबा उघडता उघडता सांगायची, राग नाही, काही नाही. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. मी कमी बोलते, ती माझ्या वाट्याचंही बोलायची.

आमची खोली म्हणजे पत्र्याची केबिन, आतून काळा रंग, दाराला एकावर एक दोन काळे पडदे. सगळे तिला काळी खोलीच म्हणायचे. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं नुसतं बसायचं, डोळ्यांना अंधार कळेपर्यंत. मग आर्म तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये पकडायचा आणि बटण दाबायचं. वीज त्यातून गेली की लोखंडाचं तेवढ्यापुरतं चुंबक होतं. त्याच वेळी वरून औषधाचं पाणी सोडायचं. त्या पाण्यात लोखंडाची फार बारीक पूड असते, चमक लावलेली. आर्मला कुठे भेग असेल तर पूड धावत जाऊन तिथे बसते. मग जांभळा दिवा. या दिव्याचा उजेड आपल्याला जवळजवळ दिसतच नाही, पण त्याच्याखाली ती पूड हिरवीपिवळी पेटते. दिवसाउजेडी भिंग लावूनही दिसली नसती अशी भेग तिथे रेघ ओढल्यासारखी उभी राहते.

त्या दिव्याखाली इतरही पुष्कळ काही चमकतं. कापडाचा धागा, साबणाचा डाग, तेलाचा ओघळ. हळदसुद्धा. सकाळी कुणी काय रांधलं ते आम्हाला एकमेकींच्या बोटांवरून कळायचं. माझी नखं पिवळी पेटलेली दिसली की ताई म्हणायची, “आज म्हावरं केलंस क गो बाय, आणि डब्यात मात्र बटाटा.” मग मला परत हात धुवायला पाठवायची, कारण हळदीचं बोट आर्मला लागलं तर तिथेही रेघ दिसते. धागा कोणता आणि भेग कोणती, हे ओळखणं म्हणजेच आमचं काम होतं. आधी पुसायचं. पुसून गेला तो धागा. पुसून परत पाणी सोडल्यावर त्याच जागी परत उभी राहिली ती भेग. ऐकायला सोपं आहे. मला ते नीट यायला दीड वर्ष लागलं.

चांगल्या आर्मवर आम्ही रंगाचा ठिपका द्यायचो. ताईचा लाल, माझा निळा. दिवसाकाठी प्रत्येकीचे अमुक इतके आर्म व्हायला हवेत असं फळ्यावर लिहिलेलं असायचं.

ताईच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना कल्याणला नेऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागायचं, आणि ते सगळं ताईच्या विम्याच्या कार्डावर चालायचं. कारखान्याच्या यादीत ताईचं नाव आहे तोवर कार्ड, आणि कार्ड आहे तोवर मशीन. ती हे इतक्यांदा बोलून दाखवायची की मलाही पाठ झालं होतं. त्या दोन दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत निघून जायची. सरांनी तोंडी परवानगी दिलेली होती. कागदावर घेतली असती तर अर्धे खाडे धरावे लागले असते, आणि तितके खाडे झाले की नाव यादीतून जायचं. तेव्हा ताई हजर, असंच लिहिलं जायचं. तिचे उरलेले आर्म मी बघायची आणि त्यांच्यावर लाल ठिपका द्यायची. यात आपण काही लपवाछपवी करतोय असं मला कधी वाटलं नाही. शेजारीण बाहेर गेली तर तिच्या गॅसवरचं दूध बघावं, तसं ते होतं.

दरवर्षी आमचे डोळे तपासायचे. त्या वर्षी डॉक्टर म्हणाले, नंबर बदललाय, चष्मा बदला. मी डोंबिवली पूर्वेला दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, काकू, साधा कशाला घेता, ही काच घ्या, घरात पांढरी राहते आणि उन्हात आपोआप काळी होते. मला नको म्हणायचं होतं. माझ्यामागे तीन माणसं थांबलेली आणि तिघंही ऐकत होती. मी हो म्हणाले. असं हो म्हणून मी पुष्कळ गोष्टी घरी आणलेल्या आहेत.

हे दिवाळीच्या आसपासचं.

नव्या चष्म्याने वाचायला छान दिसायचं. काळ्या खोलीत मात्र रेघा जरा मंद वाटायला लागल्या. मला वाटलं, दिवा जुना झाला. पण दिव्याला रोज सकाळी मीटर लावून आकडा लिहायचे आणि आकडा बरोबर यायचा. दिवा बरोबर, तर मग माझे डोळेच. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे सरांच्या केबिनच्या दारात उभं राहायचं, आत दोन-तीन माणसं बसलेली असणार, ती मान वळवून बघणार, आणि त्यांच्यासमोर म्हणायचं की मला नीट दिसत नाही. ज्या बाईचं काम बघण्याचं आहे तिने असं म्हटल्यावर तिला कोण ठेवेल. उद्या सांगू, उद्या सांगू करत मी आर्म दिव्याच्या आणखी जवळ धरायला लागले.

चहाच्या वेळी बाहेर आले की पॅकिंगच्या बायका म्हणायच्या, आली बघा हिरोईन, अंधारात गॉगल लावून बसते. काचा खरंच काळपट असायच्या. दोन-तीन मिनिटांत परत पांढऱ्या व्हायच्या. मला वाटायचं, बाहेरच्या उजेडाने होत असतील. ताईही हसायची. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं. बाहेर ऊन नव्हतं, ट्यूबलाइट होती, आणि ट्यूबलाइटखाली कधी काच काळी होत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

होळीच्या आधी कारखान्यात कॅमेरा आला. एक तरुण इंजिनियर पेटीत घालून तो घेऊन आला. त्याच जांभळ्या दिव्याखाली कॅमेरा आर्मचा फोटो काढतो आणि भेग असेल तिथे स्क्रीनवर लाल चौकोन करतो, असं त्याने सांगितलं. सरांनी विचारलं, बायकांपेक्षा बरं बघतो का. तो म्हणाला, बघूच ना. पाठवायला ठेवलेले तीन खोके जवळच पडलेले होते, तेच उघडले. आर्म परत पाण्याखाली घातले, एकेक करून कॅमेऱ्यापुढे धरले. पहिल्या खोक्यात स्क्रीनवर पाच चौकोन आले. सगळ्या खोक्यांचे मिळून सोळा. त्यातले पाच धागे होते, ते ताईने लगेच पुसून दाखवले. अकरा राहिले. पुसले, परत पाणी सोडलं, परत अकरा. सगळ्या अकरांवर लाल ठिपका.

मग तुलनेसाठी निळ्या ठिपक्यांचा एक खोका आणला. तो स्वच्छ निघाला. भेगा रोज येत नाहीत. एखाद्या दिवशी भट्टी नीट तापली नाही की त्या दिवशीच्या मालात येतात. माझा तो खोका चांगल्या दिवसाचा होता, इतकंच.

सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसातले आणखी दोघे तिथे बसले होते. अकरा आर्म टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवलेले. खोक्यावरची चिठ्ठीही तिथेच होती, तिच्यावर तारीख आणि वार. शुक्रवार, दुपारची पाळी. सरांनी ताईला विचारलं, हे काय आहे.

ताईने चिठ्ठी वाचली. तिला समजलं. शुक्रवारी दुपारी ती कल्याणला नवऱ्याच्या खाटेशी बसलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या पायाकडे बघत होते. ती थांबली. किती वेळ थांबली ते मला नक्की माहीत आहे. टेबलावरचा पंखा एकदा या भिंतीकडे आणि एकदा त्या भिंतीकडे फिरून आला, तेवढा वेळ. सरांनाही माहीत होतं की शुक्रवारी दुपारी ती नसते. त्यांनी समोरचा कागद उलटा केला आणि मागची कोरी बाजू वाचत बसले.

“ठिपका माझाच हाय,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीपासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

मी तेव्हा का बोलले नाही याचं उत्तर मी शोधलं आहे. घाबरले, हे खरं आहे. पण त्याच्या खाली आणखी एक होतं. सर आधीच म्हणाले होते की कॅमेरा घेतला तर दोघींपैकी एकीलाच ठेवू. टेबलाच्या पायाकडे बघताना ते माझ्या मनात होतं. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलले नाही.

दोन दिवसांनी इंजिनियरने मला कॅमेऱ्याशेजारी बसवलं. कॅमेरा धाग्यालाही भेग म्हणत होता, तर मी धागा कोणता ते दाखवायचं आणि तो मशीनला शिकवणार. तास-दीड तास आत बसून आम्ही बाहेर आलो, तर त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“काकू, हा चष्मा घालून तुम्ही आत बसता?”

मी मान हलवली. त्याने चष्मा मागून घेतला, मला परत आत नेलं, एका काचेवर हात धरला आणि दुसरी काच दिव्याखाली धरली. बाहेर येऊन दाखवली. एक काच पांढरी, एक काळी. त्याने सांगितलं की ऊन म्हणजे नुसता उजेड नाही, उन्हात जे न दिसणारे किरण असतात त्यांनी ही काच काळी होते, आणि आपला दिवा तर नुसते तेच किरण टाकतो. म्हणजे मी दिवा लावायची, आणि दिवा माझेच डोळे झाकायचा. दारावर लाल अक्षरात इंग्रजी पाटी होती. मी चौथीपर्यंत शिकले आहे, मराठी वाचते, ती पाटी मी सहा वर्षं नुसती बघत होते. त्याने वाचून दाखवली. उन्हात रंग बदलणारा चष्मा घालून आत जाऊ नये. वाचता वाचता तो हसला, मग माझा चेहरा बघून त्याने चष्मा माझ्या हातात दिला. म्हणाला, मी काही बोललो नाही हां काकू, ते तुमचं तुम्ही बघा.

मी जुना चष्मा पर्समध्ये शोधला, तो नव्हता. घरी होता. उरलेला दिवस चष्मा न घालता काढला.

सरांकडे जायला मला आणखी तीन दिवस लागले. दुपारी त्यांच्या केबिनमध्ये कुणी नव्हतं तेव्हा गेले. सांगितलं. शुक्रवारचे आर्म माझे होते आणि चष्मा असा आहे. त्यांनी उठून दार लावलं. मला बसा म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

“चष्मा केव्हा घेतला?”

“दिवाळीत.”

ते बोटांवर महिने मोजायला लागले आणि मध्येच थांबले. मग फार शांतपणे बोलले. त्यांचं म्हणणं असं, की अकरा आर्म सापडले, ते भंगारात गेले, गिऱ्हाइकाला आपण लिहिलं की एका बाईच्या हातून एका दिवशी चूक झाली, तिला काढलं. त्यांचा पुण्याचा माणूस येऊन बघून जाईल. विषय तीन खोक्यांवर संपला. चष्मा म्हटलं तर दिवाळीपासूनचा सगळा माल आला, निळाही आणि लालही. तो पुण्याला गेला आहे, तिथून ट्रकला लागला आहे, ट्रक रस्त्यावर आहेत. तो परत बोलवायचा म्हणजे कारखान्याला कुलूप. इथे किती जणांच्या चुली आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमचीपण आहे.

“तुम्ही मला काही सांगितलेलं नाही,” ते म्हणाले. “जुना चष्मा घाला. कॅमेरा तुम्हीच सांभाळायचा आहे पुढे.”

मी हो म्हणाले.

घरी चालत यायचे मी, कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेने. तोवर ट्रक म्हणजे धूळ आणि हॉर्न. त्या दिवसापासून मी पुढच्या चाकांकडे बघायला लागले. वळताना दोन्ही चाकं बरोबर वळतात का. आर्म बाहेरून दिसत नाही, हे मला माहीत आहे. तरी बघायची. घरी नवरा म्हणाला, तुला हल्ली जेवण जात नाही. मी त्याला अर्धंच सांगितलं. तो म्हणाला, सर म्हणतात ते ऐक.

रविवारी ताईच्या घरी गेले. गावाच्या चारही बाजूंनी टॉवर झाले आहेत आणि मध्ये कौलांची चार घरं, त्यातलं एक तिचं. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. आत खाटेवर तिचा नवरा पडलेला, पाय सुजलेले. तिने मला आत बोलावलं नाही, जा असंही म्हणाली नाही. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं, आधी शुक्रवारचं, मग चष्म्याचं, मग सरांचं.

“आर्म तुझं होतं ते मना ठाव हाय,” ती म्हणाली. “तू बोलशील म्हणून थांबले मी.”

तिने सुपातला एक खडा काढून टाकला. मग तिचा हात थांबला.

“दिवालीपासून घालतेस तो चष्मा?”

“हो.”

“मग बाकीचं आर्म?”

मी म्हणाले, गेले.

तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं होतं ती कार्डाबद्दल बोलेल, रडेल, मला शिव्या देईल. कार्ड आणखी काही महिने चालेल असं तिला कुणी सांगितलं होतं, पुढे काय ते तिला माहीत नव्हतं, आणि नवरा तिच्या मागे खाटेवर खोकत होता. पण तिने पहिलं विचारलं ते आर्मचं. चौदा-पंधरा वर्षं ती त्या खोलीत बसली होती आणि तिच्या हातून गेलेल्या आर्मबद्दल कधी पुण्याहून तक्रारीची एक चिठ्ठी आली नव्हती.

“ते ट्रकला लागलेत गो,” ती म्हणाली. “सांग तू.”

“सांगितलं सरांना.”

“सरांना नाय. पुन्याचा मानूस येनार ना बघाला, त्याला सांग.”

मी म्हणाले, ताई, मला चार माणसांत बोलता येत नाही, तुला माहीत आहे. तिने सूप परत मांडीवर घेतलं.

“मग बोलू नको. दाखव.”

पुण्याचा माणूस पुढच्या आठवड्यात आला. जे आमचे आर्म घेतात त्यांच्याकडचा तपासणीस, पन्नाशीचा, हातात वही. तीन खोक्यांची चौकशी करायला आला होता. सरांनी त्याला कॅमेरा दाखवला, ताईला काढल्याचा कागद दाखवला, आणि मग काळ्या खोलीत आणलं. मी जुना चष्मा घालून उभी होते. नवा एप्रनच्या खिशात. तो मला म्हणाला, तुम्ही रोज करता तसं करा. मग पाच मिनिटं बसावं लागेल, मी म्हणाले. तो म्हणाला, बसू की.

पडदे ओढले. सर, तो आणि मी अंधारात बसलो. त्या पाच मिनिटांत मी चष्मा बदलला. खिशाचं बटण उघडल्याचा आवाज मला फार मोठा वाटला. मग दिवा लावला. आमच्याकडे नमुन्याचा एक आर्म असायचा, मुद्दाम भेगा ठेवलेला, रोज सकाळी तो बघून मगच काम सुरू करायचं. तो मी घेतला आणि दिव्याखाली वाकून बघत राहिले. त्यावर चार भेगा आहेत. काच पांढरी होती तोवर, रोज सकाळसारख्या, चारही दिसल्या. मी वाकून राहिले, काच पुरती काळी होऊन दोनच उरेपर्यंत. त्याने विचारलं, किती दिसतात. मी म्हणाले, दोन. सर लगेच म्हणाले, चार आहेत बाई, नीट बघा.

मी दिवा बंद केला, पडदा सारला आणि त्या माणसाकडे तोंड करून उभी राहिले.

त्याला काही सांगावं लागलं नाही. तो याच कामातला. त्याने माझ्या काळ्या काचांकडे पाहिलं, मग दारावरच्या पाटीकडे, मग सरांकडे. सर म्हणाले, आजच घातलेला दिसतोय, मी बोलतो त्यांच्याशी. तो माणूस त्यांच्याकडे वळला नाही. मला म्हणाला, केव्हापासून वापरता.

“दिवाळीपासून,” मी म्हणाले. “आणि शुक्रवारचे लाल ठिपके मी दिलेत. त्या नव्हत्या.”

त्याने वहीत लिहिलं. मला वाचून दाखवलं आणि सही करायला सांगितली. मी पूर्ण नाव लिहिलं.

मला त्याच दिवशी काढलं. महिन्याभराने सरही दिसेनासे झाले. कोलशेतला कुठल्याशा कंपनीत लागलेत असं पॅकिंगच्या बायकांकडून ऐकलं. कारखान्याला कुलूप लागलं नाही, पण दिवाळीपासूनचा सगळा माल परत मागवला गेला. काही आर्म ट्रकवरून काढलेले, काही पुण्यातच पडून राहिलेले, असे खोकेच्या खोके परत आले आणि गेटजवळ ताडपत्री टाकून ठेवले. ते परत तपासायला कॅमेरा एकटा पुरेना. परत आलेल्या मालावर धूळ, ग्रीस, गोणपाटाचे धागे, आणि कॅमेरा सगळ्यांवर लाल चौकोन करत सुटला. पुण्याच्या माणसाने लेखी मागितलं की प्रत्येक चौकोन डोळ्यांनी बघितला गेला पाहिजे, आणि ते डोळे आधीच्या चुकीतले नकोत. मग ताईला बोलावणं गेलं. तिचं नाव परत यादीत चढलं. कार्ड बंद पडायला तेव्हा थोडे दिवस उरलेले.

दोन खोके मिळाले नाहीत. त्यांतले आर्म कुठल्या ट्रकला लागले ते कुणाला नक्की सांगता येईना. परत आलेल्यांत भेगा निघाल्या, लाल ठिपक्यांत आणि निळ्यांतही. किती, ते मी विचारलं नाही. त्या दोन खोक्यांत किती असतील याचा हिशेब मग मनात सुरू झाला असता. विचारलं नाही तरी तो सुरू आहेच.

ताई एकदा माझ्या घरी आली. कामावरून सरळ आलेली, दारातच उभी राहिली. मी चहा टाकते म्हणाले तर नको म्हणाली. नवे साहेब कडक होते, अंगठ्याचं मशीन लावलं होतं, आता दुपारी निघून जाता येत नव्हतं. तिचा दीर दोन-तीनदा नवऱ्याला घेऊन गेला आणि मग त्याने हात वर केले.

“तू आता मोकलीच हायस,” ती म्हणाली. “मंगलवारी आन शुक्रवारी तू जा त्यांच्यासंग.”

विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी हो म्हणाले. या वेळी मागे कुणी उभं नव्हतं.

तेव्हापासून मी जाते. दुपारी गावात जायचं, त्यांना उठवून रिक्षात बसवायचं, कल्याणला उतरवायचं, फाइल आणि कार्ड खिडकीत द्यायचं, वजन करायचं. चार तास मशीन चालतं तोवर बाहेर बाकावर बसायचं. ते माझ्याशी फार बोलत नाहीत. सुरुवातीला एकदा म्हणाले, तुझ्यामुळे झालं ना सगळं. मी हो म्हटल्यावर म्हणाले, पाणी दे. पाणी त्यांना मोजून द्यावं लागतं, अर्धा पेला, आणि ते दर वेळी जास्त मागतात. माझ्याच्याने नाही म्हणवत नाही, पण इथे म्हणावंच लागतं, तेव्हा म्हणते.

गेल्या महिन्यापासून आठवड्याचे दोन दिवस पुरेनात, तीन करायला सांगितलं आहे. हाताची शीर निकामी होत चालली आहे, आता मानेतून नळी घालतील. डॉक्टर माझ्याकडे बघून सांगतात, मी पाठ करून घेते आणि संध्याकाळी ताई कामावरून आली की जसंच्या तसं सांगते. किती वजन भरलं, किती पाणी काढलं, काय म्हणाले. ती ऐकून घेते, फाइल माझ्या हातातून घेते. आत ये म्हणत नाही, आणि मीही थांबत नाही. नळीसाठी रविवारी लवकर बोलावलंय, सातला ये, एवढंच म्हणाली आज.